मांजराला मेथीचा वाफा का आवडतो

मेथी टाकली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती तडकते आणि मान वाकवलेले कोंब वर येतात. गेल्या ऑक्टोबरात तेच बघायला सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारी गेलो, तर वाफ्याच्या बरोबर मधोमध एक खळगा होता. बाजूला मातीचा छोटा ढीग. ढिगाखाली काय आहे ते वासानेच सांगितलं. भिंतीवर एक पिवळा बोका निवांत पंजा चाटत बसला होता. माझ्याकडे बघून त्याने डोळे बारीक केले आणि पुन्हा चाटायला लागला.

आमचं घर पुण्यात, तळमजल्यावर. मागे बारा बाय आठ फुटांची जागा आहे, तिला आम्ही कौतुकाने बाग म्हणतो. मेथी, कोथिंबीर, चार वांगी, एक कढीपत्ता. एवढ्याशा जागेसाठी मी पुढचे दोन महिने जे जे उपाय ऐकले ते ते केले.

आधी तिखट. वाफ्याभोवती लाल तिखटाची रेघ ओढली. वारा माझ्याच दिशेचा होता, त्यामुळे पहिला प्रयोग माझ्या डोळ्यांवर झाला. दुसऱ्या दिवशी झारीने पाणी घातलं आणि तिखट मातीत जिरलं. नंतर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रागावून सांगितलं की हा प्रकार करूच नये, पंजाला लागलेलं तिखट मांजर चाटतं आणि त्याच पंजाने तोंड-डोळे पुसतं. मग संत्र्याची सालं. मांजरांना आंबट फळांच्या सालींचा वास आवडत नाही, हे बऱ्यापैकी खरं आहे. पण तो वास सालीतल्या तेलाचा असतो आणि ते तेल उडून जायला पुण्याच्या उन्हात दीड दिवस पुरतो. वाळकी साल म्हणजे मांजराच्या लेखी पाचोळाच.

त्यानंतर लाल पाण्याची बाटली. ही तुम्ही नक्की पाहिली असेल. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत दारोदारी कुंकवाचं किंवा रंगाचं पाणी भरलेल्या बाटल्या ठेवलेल्या असतात, काही ठिकाणी निळीचं पाणी. कुत्री-मांजरं लाल रंगाला घाबरतात म्हणे. आता गंमत अशी की कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यासारख्या तीन नाहीत. निळा आणि पिवळा त्याला दिसतो, पण लाल त्याच्यासाठी मळकट, करडा-तपकिरी काहीतरी असतो. मांजराचंही साधारण तसंच. ज्या रंगाला घाबरायचं तो त्यांना नीट दिसतच नाही. निळीच्या पाण्याचा निळा दिसतो, पण निळ्याला घाबरायचं त्यांना काही कारण नाही. आमच्या बाटलीला टेकून तो पिवळा बोका दुपारी झोपलेला मी फोटोसकट सिद्ध करू शकतो.

शेजारच्या काकूंनी डांबर गोळ्या आणून दिल्या. त्या मात्र मी परत केल्या, आणि इथे जरा थांबून सांगतो, कारण हा उपाय सगळ्यात जास्त केला जातो आणि तोच सगळ्यात वाईट आहे. डांबर गोळी म्हणजे बहुधा नॅप्थलीन. ते विषारी आहे, मांजरालाही आणि गोळी पांढरी गोड दिसली म्हणून तोंडात घालणाऱ्या पोरालाही. भाजीच्या मातीत तर ते नकोच. त्यात मांजराच्या यकृताची एक खास अडचण आहे. काही रसायनं शरीराबाहेर टाकण्याची जी प्रक्रिया माणसात आणि कुत्र्यात चांगली चालते, ती मांजरात फारच दुबळी असते. म्हणून फिनाईल, निलगिरी किंवा टी ट्रीसारखी सुगंधी तेलं आपल्याला नुसती उग्र वाटतात, पण मांजराच्या पायाला लागून पोटात गेली तर जिवावर बेततात. कुंपणाच्या कडेने फिनाईल ओतणाऱ्या बऱ्याच जणांना आपण विष पेरतोय याची कल्पनाच नसते.

कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रंही मिळतात. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला त्याच्या तिपटीहून वरचे. त्यामुळे कल्पना चुकीची नाही. ब्रिटनमध्ये बागांत ठेवून त्यांच्या चाचण्या झाल्या, तेव्हा मांजरांचं येणं काही प्रमाणात कमी झालं, थांबलं मात्र नाही.

या सगळ्या उपायांचं दुखणं एकच आहे: सवय. जनावर पहिल्यांदा नवी वस्तू, नवा वास, नवा आवाज बघून बिचकतं. बिचकल्यावर पुढे काहीच झालं नाही, की चार-आठ दिवसांत ते त्या गोष्टीची दखल घेणं सोडून देतं. रस्त्याकडेच्या घरात राहणाऱ्याला ट्रकचा आवाज ऐकू येईनासा होतो ना, तसंच. शेतातल्या बुजगावण्याच्या डोक्यावर कावळा बसतो तो याच नियमाने. म्हणून ‘आम्ही अमुक लावलं आणि चार दिवस एकही मांजर आलं नाही’ असं कुणी सांगितलं तर खरं माना, पण महिन्याने पुन्हा विचारा.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो आजीच्या स्वयंपाकघराच्या आठवणीने. तिथे आढ्याला शिंकं टांगलेलं असायचं आणि त्यात दुधाचं, लोण्याचं भांडं. घरात मांजर असायचंच, उंदरांसाठी ते हवंच असायचं. पण त्याला कुणी घाबरवायच्या भानगडीत पडत नसे. भांडंच अशा जागी ठेवायचं की पोचता येणार नाही. ‘शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं’ ही म्हणसुद्धा बोक्याला बोल लावत नाही, तुटलं ते शिंकं. मी दोन महिने बोक्याच्या मागे लागलो होतो आणि वाफा तसाच उघडा होता.

मग प्रश्न बदलला. त्याला या वाफ्यात हवंय तरी काय?

घरमांजर हे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या प्रदेशात राहणाऱ्या रानमांजराचं वंशज. विष्ठा पुरायला त्याला भुसभुशीत, कोरडी, पंजाने सहज उकरता येणारी माती लागते. आता आपण भाजीचा वाफा कसा करतो ते आठवा. ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, कोकोपीट मिसळायचं, हाताने सारखं करायचं आणि बी टाकून वर चाळलेल्या खताचा हलका थर द्यायचा. मांजरासाठी याहून आदर्श संडास बांधता येणार नाही. सगळ्या सोसायटीत फरशा आणि पेव्हर ब्लॉक झाल्यावर तर उघडी माती म्हणजे आमचा वाफा आणि समोरच्यांच्या चार कुंड्या, एवढीच उरली होती.

त्यावरचा इलाज कंटाळवाणा वाटावा इतका साधा निघाला. बी पेरलं की वाफ्यावर कोंबडी जाळी अंथरायची, ती दोन इंची भोकांची येते तीच, आणि कडांना विटा ठेवायच्या. कोंब भोकांतून वर येतात, मांजराला मात्र उकरता येत नाही आणि जाळीवर चालणं त्याच्या पायाला आवडत नाही. जाळीच्या कापलेल्या कडा आत दुमडा, नाहीतर तुमचेच हात ओरबाडतील. कुंड्यांसाठी जाळी कापत बसण्यापेक्षा नारळाच्या करवंटीचे तुकडे किंवा गोटे मातीवर दाटीने मांडावे. ओलावाही टिकतो. मोठ्या झाडांच्या आळ्यात तुरीच्या किंवा कढीपत्त्याच्या छाटणीच्या काटक्या चार-चार बोटांवर उभ्या खोचल्या तरी चालतं. मांजराला बसायच्या आधी गोल फिरायला जागा लागते, तीच मिळत नाही. रोप हातभर झालं आणि माती झाकली गेली की जाळीची गरज संपते. खरी नड पहिल्या तीन आठवड्यांची असते.

पाण्याची वेळही बदलली. मांजरं जास्त करून संध्याकाळी आणि पहाटे हिंडतात, म्हणून मी सकाळऐवजी दिवस मावळताना पाणी द्यायला लागलो. ओली माती त्यांना नकोशी होते.

आणि एक गोष्ट केली जिच्यावरून घरात माझी बरीच चेष्टा झाली. भिंतीच्या कोपऱ्यात, पत्र्याखाली पाऊस लागणार नाही अशा जागी, दोन घमेली वाळू ओतून ठेवली. ‘मांजराला मोरी बांधून दिली’ असं काकू सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटल्या. पण बोका तिकडे जायला लागला. आठवडाभराने वाफ्यातली ये-जा थांबली. रोज खुरप्याने ती वाळू साफ करावी लागते, हा त्यातला तोटा. ते काम करायची तयारी नसेल तर हा उपाय करू नका, कारण घाण झालेली वाळू सोडून मांजर पुन्हा स्वच्छ वाफ्यात येतं.

रोज साफ करण्याला आरोग्याचंही कारण आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून मातीत येतो. त्याला संसर्ग करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून ताजी विष्ठा त्या आत उचलली तर धोका बराच कमी होतो. एकदा मातीत मुरला की मात्र तो कित्येक महिने टिकतो. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, पण गरोदर बाईला पहिल्यांदा संसर्ग झाला तर पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते. त्यामुळे गरोदरपणात मातीत हात घालताना हातमोजे, आणि घरच्या बागेतली असली तरी पालेभाजी भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुऊन. पण म्हणून मांजर दिसलं की किंचाळायचंही कारण नाही. संसर्ग झालेलं मांजरही बहुधा आयुष्यात एकदाच, दोन-तीन आठवडे हा परजीवी बाहेर टाकतं.

वाफ्यात उकरणं वेगळं आणि भिंतीवर शिंतोडे उडवणं वेगळं. शेपटी ताठ करून मागे धार मारणारा बोका तिथे पत्ता लिहीत असतो: ही हद्द माझी. नसबंदी न केलेल्या बोक्याच्या मूत्रात फेलिनिन नावाचा गंधकयुक्त घटक भरपूर असतो, तो हवेत हळूहळू फुटतो आणि तो डोक्यात जाणारा दर्प येतो. पाण्याने धुतलं तरी आपल्या नाकाला गेलेला वास त्याच्या नाकाला येत राहतो, आणि फिका पडला की तो येऊन ताजा करून जातो. याला जाळी-काटक्यांचा उपयोग नाही. नसबंदी केली की बहुतेक बोके हा उद्योग सोडतात किंवा खूप कमी करतात. भाटी तर पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते, म्हणजे एका मांजराची पलटण व्हायला वर्ष पुरतं. सोसायटीत वर्गणी काढायचीच असेल तर ती मांजरं पकडून लांब सोडण्यासाठी काढू नका. मोकळी झालेली हद्द आणि चालू असलेलं खाणं बघून पलीकडच्या गल्लीतली मांजरं आत येतात, आणि महिन्याभरात पहिला अंक पुन्हा सुरू. शिवाय विष घालणं, जखमी करणं हा गुन्हा आहे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालीही आणि आताच्या भारतीय न्याय संहितेखालीही.

आपणच नकळत आवतण देतो अशाही गोष्टी असतात. बोनमील, मासळीच्या पाण्याचं खत, अर्धवट कुजलेला ओला कचरा. हाडांच्या चुऱ्याच्या वासाने कुत्री कुंडी उपडी करतात. ती खतं घालायची तर खोल घालावी आणि वर निंबोळी पेंड-मातीचा थर द्यावा. आणि एक तण: खोकली. पावसाळ्यात कुंड्यांत आपोआप उगवतं, तुऱ्यावर वाटीसारखी हिरवी छदं (फुलाखालची छोटी पानं) असतात, काही जण कुप्पी म्हणतात. तिची मुळं उपटून टाकली की मांजरं त्यांवर अक्षरशः लोळतात, गाल घासतात, लाळ गाळतात. कॅटनिप नावाच्या विलायती झाडावर त्यांचं जे होतं तेच. मी दर आठवड्याला तण उपटून वाफ्याच्या कडेला ढीग करत होतो! आता पिशवीत भरून टाकतो.

मांजरांचं मार्गी लागलं आणि डिसेंबरात घूस आली. घुशीची गोष्ट वेगळी आहे. ती वरून येत नाही, खालून येते. कुंपणाच्या पायाशी मुठीएवढं बीळ, बाहेर ताज्या मातीचा ढिगारा, आणि सकाळी रताळ्याचा वेल हातात घ्यावा तर मुळाशी काहीच नाही. मांजर ठेवा म्हणजे घूस जाईल असं लोक सांगतात. पूर्ण वाढलेली घूस किलोभर भरते, तिच्यासमोर आमच्या पिवळ्या बोक्याला रस्ता बदलताना मी पाहिलंय. बिळात काचेचे तुकडे आणि वर सिमेंट हा जुना उपाय एका बिळापुरता चालतो, ती हातभर पलीकडे दुसरं काढते. टिकाऊ काम म्हणजे वाफ्याची माती एकदा काढून तळाशी आणि बाजूंना अर्ध्या इंची भोकांची वेल्डमेश, म्हणजे कडक तारांची जाळी, घालणं. अंगमेहनतीचं आहे, पण एकदाच. उंदरांच्या विषाच्या वड्या मी वापरत नाही, कारण विष खाऊन झिंगलेला उंदीर आधी घुबडाच्या नाहीतर मांजराच्या तोंडी लागतो. पक्ष्यांना टाकलेले दाणे रात्री खाली पडून राहू देऊ नयेत, घूस त्यांच्यावरच येते. आणि पावसाळ्यात त्या बिळांजवळच्या साचलेल्या पाण्यात पायाला जखम असताना अनवाणी जाऊ नये, लेप्टो (उंदीर-घुशींच्या मूत्रातून पसरणारा ताप) तिथूनच होतो.

पुण्यातल्या माझ्या कटकटी चुलतभावाला सांगितल्या की तो हसतो. त्याचं घर संगमेश्वराच्या बाजूला, डोंगराला लागून. ‘तुझं एक मांजर, माझ्याकडे वीस वानर येतात,’ म्हणतो. तो वानर आणि माकड यांत काटेकोर फरक करतो, आणि तो फरक कामाचा आहे. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर मुळात पानं खाणारं. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं, पाला आंबवून पचवायला बनलेलं. ते शेवग्याचे शेंडे, जास्वंदीच्या कळ्या, भोपळ्याचे कोंब ओरबाडतं. लाल तोंडाच्या माकडाच्या गालात पिशव्या असतात. ते येतं, मिनिटभरात गाल भरतं आणि झाडावर जाऊन निवांत खातं, म्हणून हाकलेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. घरात शिरून डब्याची झाकणं काढणारंही तेच. भावाने आता घराजवळ हळद, आलं, गवती चहा, मिरी असं लावलंय, त्यांकडे दोघांचंही फारसं लक्ष नसतं, आणि केळी-पपई अंगणाच्या अगदी पुढ्यात, जिथे सतत कुणीतरी असतं. फटाके वाजवणं त्याने बंद केलं. मोठा आवाज काढून माकडं पिटाळणाऱ्या कार्बाइडच्या पाइप-बंदुकाही त्या भागात निघाल्यात. तसल्याच बंदुका खेळणं म्हणून पोरांच्या हाती गेल्या आणि २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कित्येक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली.

रानडुकरांसाठी त्याच्या सुरणाभोवती जुन्या साड्या बांधलेल्या असतात. वाऱ्यावर हलतात, माणसाचा वास असतो, डुक्कर काही दिवस बिचकतं. काही जण न्हाव्याकडचे केस आणून बांधावर पसरतात, नाकाने जमीन उकरणाऱ्या डुकराच्या नाकपुड्यांत ते जातात. दर पावसानंतर नवे पसरावे लागतात. शेवटी त्यानेही झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र, घेतलं.

या झटका मशीनबद्दल गैरसमज फार आहेत. त्याच्या तारेत हजारो व्होल्ट असतात हे खरं, पण तो प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ येतो आणि मग साधारण सेकंदभर काहीच नसतं. त्या सेकंदात जनावराला, माणसाला, मागे सरकता येतं. दणका बसतो, आठवण राहते, जीव जात नाही. घरच्या बोर्डावरून तारेत वीज सोडणं हे बाहेरून सारखंच दिसतं, पण तिथे २३० व्होल्ट अखंड वाहत असतात, स्नायू आखडतात आणि हात तारेवरून सुटतच नाही. अशा तारांना चिकटून दरवर्षी जनावरं मरतात, पहाटे शेतावर गेलेली माणसंही मरतात, आणि तार सोडणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. ‘रात्रीपुरतीच सोडतो, सकाळी काढतो’ असं सांगणारे भेटले की माझा भाऊ त्यांच्या शेतातून जाणारी वाटच सोडतो.

मशीन लावलं तरी तारेखालचं गवत मात्र काढत राहावं लागतं, नाहीतर ओलं गवत तारेला टेकून सगळा झटका जमिनीत जातो. पावसाळ्यात त्याचा अर्धा रविवार त्यातच जातो.

आमच्याकडे जानेवारीत मेथीची दुसरी खेप निघाली, तीन जुड्या. पिवळा बोका वाळूच्या मोरीत जातो आणि उरलेला दिवस भिंतीवर काढतो. मागच्या आठवड्यात काकूंनी गच्चीवर नव्या ग्रो बॅगा भरल्या, वर छान चाळलेलं कोकोपीट. काल संध्याकाळी त्यांनी भिंतीपलीकडून हाक मारली, ‘अरे, तुझ्याकडे ती जाळी उरलीय का थोडी?’